बेडूक म्हणतो, घरी जा

काल रात्री साडेनऊला सेन्सेई काका माझा गेम घेऊन गेले. मी दिला नाही, त्यांनी नेला. शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घरासारखा. जाताना म्हणाले, "तुझ्याकडे राहून त्याचा उपयोग काय?" राग याचा आला, की मला उत्तर सुचलं नाही.

झालं असं. माझ्याकडे एक जुना डीएस लाइट आहे, म्हणजे निंटेंडो कंपनीचं हातात धरून खेळायचं मशीन. त्याच्या खालच्या खाचेत त्याआधीच्या मशीनची म्हणजे गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिज बसते. भाचा टोकियोला निशी-कासाईत राहतो, त्याला अकिहाबारा या तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून 'मदर ३' आणायला सांगितलं. हा खेळ जपानात आला २० एप्रिल २००६ ला. जपानबाहेर अधिकृतपणे अजून यायचाय. मशीनला देशाबिशाची आडकाठी नाही, कार्ट्रिज पुण्यातही बिनतक्रार चालू होते. फक्त जपानीत बोलते.

पण पुण्यात जपानी येणारा माणूस शोधावा लागत नाही, तो जिन्यातच भेटतो. आमच्याकडे जपानातल्या ओकायामाच्या बागेवरून बेतलेली दहा एकरांची बाग आहे, गल्लीबोळात एन-फाइव्हचे, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या पहिल्या पायरीचे, क्लास आहेत. आमच्या ए विंगेतले काका बँकेतून निवृत्त झाले आणि लोक जसे हास्यक्लबात जातात तसे जपानीच्या क्लासला गेले. एन-फाइव्ह झाली, एन-फोर झाली. एन-थ्रीला तीनदा बसले, तिन्ही वेळा चोकाईने घात केला. चोकाई म्हणजे ऐकून उत्तरं द्यायचा पेपर. काकू म्हणतात, यात जपानीचा काही दोष नाही, ते मराठीतलंही ऐकत नाहीत. तर सगळी सोसायटी त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणते आणि ते कमरेत वाकून त्याचा स्वीकार करतात.

परवा संध्याकाळी ते वहीपेन्सिल घेऊन आले. स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि त्यांचा चेहरा पडला.

"अरे, यात कांजी नाहीयेत."

"मग सोपंच झालं की काका."

"सोपं? अरे, सगळं कानात लिहिलंय!"

मी आधी त्यांच्या कानाकडे पाहिलं. मग कळलं, काना म्हणजे त्यांची अक्षरं. लहान मुलंही वाचतील अशी. अवघड चित्राक्षरं, म्हणजे कांजी, गाळली आहेत. आणि नेमकं तिथेच आमचं गाडं अडलं. कारण जपानीत एका उच्चाराचे ढीगभर शब्द असतात, आणि कुठला कुठला ते कांजी सांगते. काका आठ वर्षं कांजीच्या नावाने बोटं मोडतायत. परवा पहिल्यांदा त्यांना तिची आठवण येऊन गहिवरलेलं पाहिलं.

"हे बघ, हाशी. हाशी म्हणजे पूल. किंवा जेवायच्या काड्या. किंवा कडा."

"मग इथे काय?"

"माणूस त्याच्यावर उभा असेल तर पूल," काका म्हणाले, आणि थोडं थांबून, "किंवा कडा."

पुढे 'कामी' आला. देव, कागद, नाहीतर डोक्यावरचे केस. काकांनी तिन्ही अर्थ वहीत लिहिले आणि त्यांना एक-दोन-तीन आकडे घातले. म्हणजे जे वाक्य जपानातलं सहा वर्षांचं पोर दात घासता घासता वाचतं, त्यावर आम्ही दोन पोक्त माणसं वीस मिनिटं बसलो होतो. मध्ये चहा झाला.

मग त्यांना व्याकरण खटकलं. "ही पोरं आईशी '-मास' हा आदराचा प्रत्यय न लावता बोलतायत. शोभतं का हे?" मी म्हटलं, काका, आपणही आईला अगं म्हणतो. ते म्हणाले, "ते वेगळं, ते मराठी आहे."

हा खेळ सुरुवातीलाच घरातल्या सगळ्यांची नावं मागतो, आवडता पदार्थही विचारतो. मला मोदक घालायचा होता. काकांनी परस्पर थालीपीठ घातलं. जपानीत 'था' नाही, 'ली' नाही, 'ठ' तर नाहीच, त्यामुळे ते 'तारिपीतो' झालं. आता हे इटालियन वाटतं असं मी म्हटलं, तर म्हणाले, जपानी लोक असंच म्हणतील. जपानी लोक हे कधी आणि का म्हणतील, हा प्रश्न मी गिळला.

आणि मग बेडूक आला.

या खेळात जागोजागी बेडूक असतात. त्यांच्याशी बोललं की खेळ सेव्ह होतो. हे मला आता माहीत आहे. परवा बेडकाने काहीतरी विचारलं, खाली हो आणि नाही असे दोन पर्याय आले. काका म्हणाले, "अनोळखी माणसाला एकदम होकार देऊ नये, नाही दाब." मी दाबलं. मग ते एकदम उजळले. "बेडकाला काय म्हणतात माहितीये? काएरु. आणि घरी परतणं यालाही काएरुच. म्हणून तर जपानी लोक प्रवासात बेडूक जवळ ठेवतात, सुखरूप परत यावं म्हणून. लक्षात आलं का? गेम सुचवतोय की उशीर झाला, आता घरी जा." घड्याळात पावणेदहा वाजले होते. त्यांनी मशीन बंद केलं, मला वाकून नमस्कार केला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नावं. पुन्हा तारिपीतो.

यावर भाच्याचं म्हणणं, "मामा, फोनवर इंग्रजीत खेळ ना, लोकांनी कधीच भाषांतर केलंय." केलंय, माहितीये. चाहत्यांनी २००८ च्या ऑक्टोबरात अख्खा खेळ फुकट इंग्रजीत आणला. पुढे त्यांच्या म्होरक्याने कंपनीला सांगितलं, आमचं भाषांतर घ्या, पैसे नकोत. घेतलं नाही. पहिल्या 'मदर'चं इंग्रजी १९९० लाच तयार होतं, ते बाहेर आलं २०१५ मध्ये. तिसऱ्याचा नायक २००८ पासून त्याच कंपनीच्या मारामारीच्या खेळात जगभर लाथा खातोय, पण तो कोण, कुठला, हे सांगायची कोणाला इच्छा नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत हा खेळ स्विच या निंटेंडोच्या मशीनवर आला तेव्हा क्षणभर वाटलं, सुटलो. फक्त जपानात. आणि चाहत्यांचं ते भाषांतर माझ्या कार्ट्रिजमध्ये शिरत नाही. म्हणजे ज्याने रीतसर पैसे मोजले, तो काकांच्या तोंडाकडे बघत बसणार. आणि अमेरिकन माणूस निदान 'आम्हाला का नाही' म्हणून ओरडू तरी शकतो. आपण ओरडायच्या यादीतही नाही.

लहानपणी बरं होतं. टीव्ही गेमच्या पिवळ्या कार्ट्रिजवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं, आत खेळ सात. त्यातला सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारायचा 'सर्कस' हा त्या मशीनवर जपानबाहेर आलेलाच नव्हता, हे मला चाळिशीत कळलं. आम्ही तो अख्ख्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या खेळलो. सिंहाने कधी काही विचारलं नाही.

असो. काल काका खेळातल्या गावच्या दुकानापर्यंत पोचले आणि अडले. "दुकानदार वस्तू देतोय, पण पैसे मागत नाहीये. माझं वाचण्यात काहीतरी चुकतंय." मी सांगितलं, काका, बरोबर वाचताय, त्या गावात पैसा ही वस्तूच नाही अजून. ते माझ्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. "म्हणजे खातं नाही? व्याज नाही?" मग बराच वेळ ते नुसते त्या दुकानात उभे होते. एक पाव घेतला. पुन्हा आत जाऊन अजून एक घेतला. साडेनऊला मशीन मिटलं आणि खिशात टाकलं.

आज सकाळी त्यांचा मेसेज आला: 'फार दुःखद घडले. आईचे. तुला सांगत नाही, मूळ भाषेतच वाच.' मी लिहिलं, काका, गेम परत द्या. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

दुपारी बेल वाजली. दारात काकू होत्या. "अरे, हे विचारतायत, त्याचा चार्जर आहे का?"