ड्रॅगनवर बसलेल्या मुलीचा फोटो शोधू नका

फँटसी चित्रं काढणारी पोरं मला भेटली की हमखास एकच रडगाणं ऐकवतात. "ताई, पोझ मिळत नाही." मग मोबाइल पुढे करतात. शोधलेलं असतं 'ड्रॅगनवर बसलेली योद्धा मुलगी, हातात तलवार' आणि समोर आलेली असतात दुसऱ्यांनी काढलेली चित्रं, हल्ली त्यातली बरीचशी एआयची. त्यातलं एक उचलायचं, केसांचा रंग बदलायचा, दोन शिंगं लावायची, की झालं आपलं चित्र.

याला मी रेफरन्स, म्हणजे बघून शिकायचा नमुना, म्हणत नाही. शिंगं, पंख, चिलखत हे सगळं तुमच्या डोक्यात आधीच आहे, त्यासाठीच तर तुम्ही चित्र काढायला बसलात. डोक्यात नसतं ते वजन. कमरेचा भार कुठल्या पायावर आहे, जड वस्तू उचलताना कुठला खांदा वर चढतो, तोल सावरायला दुसरा हात कुठे जातो, हे बघावंच लागतं, आणि ते खऱ्या शरीरावरच बघावं लागतं. दुसऱ्याच्या चित्रात त्यानं जे चुकवलंय तेही तुमच्याकडे फुकट येतं. एआयच्या योद्ध्यांचे पाय नीट बघा एकदा. जमिनीवर ठेवलेत, पण उभं कोणीच नाही त्यांच्यावर.

तपासायची एक जुनी पद्धत आहे. गळ्याखालच्या खळगीतून ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेघ खाली आणा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर ती त्याच पायाच्या टाचेपाशी उतरते, दोन्ही पायांवर असेल तर दोन पावलांच्या मध्ये. रेघ पावलांच्या बाहेर गेली तर तो माणूस पडतोय, पळतोय, नाहीतर काहीतरी ढकलतोय. तसंच दाखवायचं असेल तर उत्तम. नसेल तर शिंगं रंगवण्याआधी पाय दुरुस्त करा.

म्हणून माझं सांगणं असतं की पात्र शोधू नका, काम शोधा. तुमचा जादूगार आकाशातून वीज खेचून आणतोय ना? मग 'जादूगार' शब्द विसरा आणि आकाशातून काहीतरी खेचणारा माणूस शोधा. बडोद्यात तो शोधायला कुठे जावं लागतं? १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी, पतंग उडवणारी माणसं बघायला आपापल्या अगाशीवर (गच्चीवर) चढा. मांजा भराभर ओढून खेच मारणाऱ्याचे हात एकामागून एक येतात, कोपर कानाच्या मागे जातं, कंबर मागे झुकते, हनुवटी वर. समोरून बघितलं तर जबड्याची खालची बाजू दिसते आणि नाक जवळजवळ गायब होतं. नेमका हाच कोन पोरांना काढता येत नाही. मांजा सैल सोडून ढील देणाऱ्याचं शरीर एकदम वेगळं, बोटं सैल, छाती पुढे. आणि मागे फिरकी धरून कंटाळलेला धाकटा भाऊ म्हणजे प्रत्येक कथेतला ढाल वाहणारा सेवक, तयारच! १५ तारखेला वासी उत्तरायण असते, म्हणजे राहिलेलं दुसऱ्या दिवशी. इतके तास, इतक्या कोनांतून, इतकी माणसं जगातला कुठलाही स्टुडिओ तुम्हाला देणार नाही.

दुसरी जागा आखाडा. गदा फिरवणारा राक्षस काढायचा तर मुद्गल फिरवणारा माणूस बघा. मुद्गल खांद्यामागे गेला की बरगड्या उघडतात, विरुद्ध बाजूची कंबर आत दबते, मान आपोआप वळते. घरी आरशासमोर प्लॅस्टिकचा पाइप धरून यातलं काहीही दिसत नाही. उडणाऱ्या, लोंबकळणाऱ्या, उलट्या टांगलेल्या आकृत्यांसाठी मल्लखांबासारखं दुसरं काही नाही. खांबाला मांड्यांची पकड देऊन हात मोकळे सोडलेला मुलगा बघा, त्याला मनातल्या मनात पंख लावा, गंधर्व तयार. दोरीच्या मल्लखांबावर तर शरीर हवेतच असतं. व्यायामगुरू राजरत्न माणिकरावांच्या गावात राहून आपण पोझसाठी परदेशी साइटला पैसे भरतो याची मला गंमत वाटते. याच गावातून द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, मराठीत. एखाद्या ग्रंथालयात हाती लागले तर सोडू नका. डावाचे टप्पे एकापाठोपाठ एक बघायला मिळणं ही चित्रकारासाठी मोठी गोष्ट आहे.

टप्पे का, तर सगळ्यांना आघाताचाच क्षण काढायचा असतो, तलवार शत्रूला लागतेय तोच. पण खरा जोर दिसतो त्याच्या जरा आधी, शरीर पिळलेलं आणि हात मागे गेलेला असताना. यासाठी एडवर्ड मायब्रिज या जुन्या छायाचित्रकाराचे फोटो अजूनही बेजोड आहेत. पळता घोडा नेमका पाय कसे टाकतो हे त्यानं १८७८ मध्ये ओळीनं लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलं. तोवर चित्रकार धावता घोडा चारही पाय पुढे-मागे ताणून काढत. फोटोत दिसलं की चारही खूर जमीन सोडतात तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. पुढे १८८७ मध्ये त्यानं ७८१ प्लेट्सचा संग्रह काढला, चालणारी, उडी मारणारी, भाला फेकणारी, जिना चढणारी माणसं, शिवाय कितीतरी प्राणी. कॉपीराइट केव्हाच संपलाय, नेटवर फुकट मिळतात. भालाफेकीच्या ओळीतला मधला फोटो घेऊ नका, त्याच्या दोन आधीचा घ्या.

आता "संग्रहालयात जाऊ का?" जा की. पण काय बघायला जाताय ते ठरवून जा. लक्ष्मीविलास राजवाड्यात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. कापड कसं पडतं, बसलेल्या बाईचा भार कुठे टेकतो, दागिना गळ्यावर कसा वळतो, यासाठी तासन् तास बघा. लढाईसाठी मात्र नको. त्याची माणसं रंगभूमीवर उभी राहावीत तशी उभी असतात, प्रेक्षकांकडे लक्ष ठेवून. (रविवर्माभक्तांनी कमेंटमध्ये खुशाल भांडावं.) लढाईसाठी कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, जा. नंदलाल बोसांनी तिथल्या भिंतीवर महाभारताचं युद्ध रंगवलंय. तिथे एकेक स्नायू मोजलेला नाही, पण प्रत्येक आकृतीची एकच मोठी रेघ आहे आणि ती रेघ धावते. डिजिटलवर काम करणाऱ्यांकडून सगळ्यात आधी हीच निसटते. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रंही बघा, गर्दीत आकृत्या एकमेकींवर कशा रचायच्या ते कळेल. आणि फोटोच्या भानगडीत न पडता वही घेऊन जा. एकेका आकृतीला मिनिटभर द्या. डोळे-नाक काढायला वेळच मिळायला नको.

घोडेस्वार हवा असेल तर काळ्या घोड्याला, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला, एक चक्कर मारा. खालून वर बघताना स्वाराची मांडी कशी आखूड दिसते ते कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये इतकं नीट दिसणार नाही.

आणि ड्रॅगन. अहो, आपल्या गावाच्या मधून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत! पुलावरून, सुरक्षित अंतरावरून (हे पोरांसाठी पुन्हा लिहिते: पुलावरूनच) उन्हात पडलेली मगर बघा. ती जबडा उघडून पडते तेव्हा चिडलेली असेलच असं नाही, अंगातली उष्णताही बाहेर टाकत असते. म्हणजे तुमचा उघड्या तोंडाचा ड्रॅगन निवांतसुद्धा असू शकतो, आणि तो जास्त भीतीदायक वाटतो. मगर चालते दोन प्रकारे. कधी पोट घासत, पाय बाजूंना फाकवून, तर कधी पाय अंगाखाली घेऊन पोट उचलून. दुसऱ्या चालीत ती एकदम राजेशाही दिसते. पंखांसाठी घारी आहेतच वर. पक्ष्याचा पंख म्हणजे हातच असतो, दंड, कोपर, मनगट सगळं त्यात असतं, आणि तो हलवणारे मोठे स्नायू छातीवर असतात. पाठीवर नुसते दोन पंख चिकटवलेली सडपातळ देवदूत मुलगी उडेल कशी, हा प्रश्न तिच्या छातीकडे आणि खांद्यांकडे बघून स्वतःला विचारा.

काहीच मिळालं नाही तर घरीच फोटो काढा, पण दोन गोष्टी सांभाळा. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते. दोन हातांवरून काढलात तर पुढे आलेली मूठ डोक्याएवढी येते. कधी ते हवंही असतं, पण नको असेल तेव्हा लांब जा आणि झूम करा. राक्षस काढायचा तर मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, क्षितिज खाली गेलं की माणूस आपोआप अजस्र होतो. आणि हातात खरंच जड काहीतरी द्या. भरलेला पाण्याचा कॅन उचलताना खांदा जे करतो ते रिकामा कॅन उचलून अभिनयात येत नाही.

कॉम्प्युटरवर हव्या तशा वळवता येणाऱ्या थ्रीडी बाहुल्यांबद्दल विचारतात. कोन तपासायला उत्तम, मीही वापरते. पण बाहुलीचं मांस दबत नाही, तिला श्वास लागत नाही, आणि ती कधीच दमत नाही. दमलेला योद्धा तिच्याकडून काढून दाखवा.

एक मात्र सांगते. आखाड्यात कॅमेरा काढण्याआधी वस्तादांना विचारा, लहान मुलं असतील तर त्यांच्या आईवडिलांनाही. नेटवरचा फोटो कुणीतरी काढलेला असतो, तो जसाच्या तसा रंगवून विकू नका. एकातून धड, दुसऱ्यातून हात, तिसऱ्यातून उजेड घ्या. आणि घेरदार झग्याच्या गिरक्या हव्यात म्हणून गरब्यात अनोळखी मुलींचे फोटो काढत हिंडू नका. बहिणीला सांगा, मैत्रिणीला सांगा. चणियाचोळी घालून अंगणात पाहिजे तितक्या गिरक्या घेईल ती, फक्त चित्र झालं की आधी तिला दाखवा.