‘कोडॅक बुडाली, आता तुमची पाळी’ या फॉरवर्डला सांगलीतून उत्तर

गेले काही महिने सांगली-मिरजेतल्या व्यापाऱ्यांच्या आणि एमआयडीसीतल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. कॅमेऱ्याचे रोल बनवणाऱ्या कोडॅककडे १९९८ साली १ लाख ७० हजार माणसं होती, पण डिजिटल कॅमेरा ओळखता आला नाही म्हणून ती बुडाली. नोकियाचा प्रमुख ‘आम्ही काहीच चुकलो नाही, तरी हरलो’ म्हणत रडला. आपल्याकडचा छोटा व्यापारी नव्याला भितो, वही सोडत नाही. मोठमोठ्या कंपन्या एआय घेताहेत, म्हणजे ते सिद्ध झालेलं आहे. पाच वर्षांत जो बदलणार नाही तो संपेल, म्हणून आधी उडी घ्या, विचार नंतर करा.

मी कुपवाड, मिरज आणि पलूस भागातल्या लहान कारखान्यांचे प्रकल्प अहवाल आणि हिशेब करतो. हा मजकूर वाचून चांगली, सावध माणसं कर्जाची भाषा बोलू लागली आहेत, म्हणून एकेक मुद्दा तपासून लिहितो आहे.

आधी कोडॅक. तिथली नोकरदारसंख्या सर्वांत मोठी होती ती १९८८ च्या सुमारास, साधारण १ लाख ४५ हजार. १९९८ पर्यंत ती नव्वद हजारांच्या आत आली होती. म्हणजे मजकुरातला पहिलाच आकडा चुकीचा आहे. ‘डिजिटल ओळखता आलं नाही’ हे तर अगदीच उलटं. पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या इंजिनिअरने १९७५ साली बनवला. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे कंपनीने डिजिटलमध्ये प्रचंड पैसा घातला आणि २००५ साली अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती पहिल्या क्रमांकावर होती. तरीही जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. रोल, कागद आणि धुलाईवर जो नफा सुटायचा, तो कॅमेरा विकून सुटत नव्हता. थोड्याच वर्षांत मोबाइलमध्येच कॅमेरा आला आणि उरलेलं गिऱ्हाईकही गेलं.

फुजीफिल्मपुढेही तेच संकट होतं. तिने फिल्म बनवताना कमावलेलं रसायनांचं ज्ञान एलसीडी पडद्यांना लागणाऱ्या पातळ थरांत, औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरलं. हजारो माणसं कमीही केली, ती बाजू लपवायची नाही. पण दोघींमधला फरक नवं यंत्र कुणी आधी घेतलं, यात नव्हता. यंत्र कोडॅककडेही होतं. रोलचा पैसा आटल्यावर पैसा कुठून यायचा, याचं उत्तर फुजीला सापडलं आणि कोडॅकला सापडलं नाही. कारखानदाराने या गोष्टीतून काही घ्यायचंच असेल तर हा प्रश्न घ्यावा.

नोकियाबद्दल थोडक्यात. ते रडण्याचं वाक्य सप्टेंबर २०१३ मध्ये मोबाइलचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकण्याची घोषणा झाली, तिथे चिकटवलं जातं. त्याला आधार देणारी नोंद मिळत नाही. जे घडलं ते असं, की फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने स्वतःची सिंबियन प्रणाली सोडून सगळा डाव मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर लावला. तो डाव फसला. मजकूर ज्या उडीचा सल्ला देतो, तीच उडी नोकियाने घेतली होती. आणि नोकिया संपलेलीही नाही. मोबाइल नेटवर्कची सामग्री बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत तिची आजही गणना होते.

आता मला सर्वांत जास्त लागलेला मुद्दा: आपल्याकडचा छोटा माणूस नव्याला भितो.

यूपीआय २०१६ साली आलं. आज गणपती पेठेत, मिरजेच्या स्टेशनबाहेर, पलूसच्या बाजारात चहावाल्यापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांकडे क्यूआर कोड आहे आणि पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा डबाही. ही माणसं भित्री असती तर हे झालं असतं का? स्टिकर फुकट होता, शिकायला दहा मिनिटं पुरत होती, गिऱ्हाईक स्वतः मागत होतं, आणि नाही जमलं तर स्टिकर काढून रोख घेता येत होती. त्यांनी हे सगळं तोललं आणि घेतलं.

दुसरं उदाहरण गलाईवाल्यांचं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आणि सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात उतरली. केरळपासून बंगालपर्यंत सराफ पेठांमध्ये विटा परिसरातलं आडनाव ऐकू येतं. जुने दागिने घ्यायचे, मुशीत वितळवायचे, टंच म्हणजे सोन्याची शुद्धता काढायची, शुद्ध करून विकायचं, असं हे काम. पूर्वी कसोटीचा दगड आणि तेजाब यांवर अंदाज चाले. मग क्ष-किरणांनी टंच सांगणारी मशीन आली. दागिना ठेवला की मिनिटभरात पडद्यावर टक्केवारी दिसते, दागिना फोडावा लागत नाही.

गलाईवाल्याने ते मशीन घेतलं, पण त्याच्या मर्यादा जाणून. हे क्ष-किरण सोन्यात काही मायक्रॉनच आत जातात. वर जाड मुलामा असेल किंवा दागिन्याचं सोनं आत वेगळं असेल, तर पडद्यावरचा आकडा वरच्या थराचाच असतो. म्हणून जाणकार माणूस दाखवायला आलेल्या दागिन्याचं रीडिंग अंदाजापुरतं घेतो, आणि खरा व्यवहार वितळवून एकजीव झालेल्या गोळ्याच्या रीडिंगवर करतो. वाद झाला तर अग्निपरीक्षा आहेच. नमुना शिसं आणि चांदीसोबत कुपलीत, म्हणजे शिसं शोषणाऱ्या छोट्या वाटीत, तापवायचा, शिसं कुपलीत मुरून जातं, चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची आणि उरलेलं सोनं तोलायचं. ही शेकडो वर्षं जुनी रीत आहे. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचं झालं, पुढे १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी हा प्रत्येक दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक सक्तीचा झाला. या नव्या व्यवस्थेतही अंतिम कस ठरतो तो याच जुन्या पद्धतीने; क्ष-किरण मशीन प्राथमिक चाळणीसाठी. शाळा अर्धवट सोडून परमुलखात गेलेल्या माणसांनी नव्या यंत्राचं केलेलं हे मूल्यमापन आहे. ते काय मोजतं, काय मोजत नाही, आणि चुकलं तर पैसे कुणाचे जातात, हे तिन्ही त्यांनी पाहिलं. त्यांना मागासलेलं म्हणणारा मजकूर मी पुढे पाठवणार नाही.

किर्लोस्करांच्या नांगराची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. समज चुकीचाच होता, त्यावर वाद नाही. पण माझ्या मते शेतकऱ्याच्या नकारात एक रास्त हिशेबही होता. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून देई. बिडाचा भाग तुटला तर तो जोडून देणारं गावात कुणी नव्हतं, आणि पेरणीचे दिवस थांबत नाहीत. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर बनवणाराच या भागात राहायला आला. विक्रीनंतर दुरुस्तीला कोण येणार, हा प्रश्न आज कुपवाडचा कारखानदार सॉफ्टवेअरवाल्याला विचारतो तेव्हा तो त्याच शेतकऱ्याचा प्रश्न विचारत असतो.

‘मोठ्या कंपन्या घेताहेत म्हणजे सिद्ध झालं’ हा मुद्दा दोन उदाहरणांत संपतो. मर्स्क ही जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर वाहतूक कंपन्यांपैकी एक. तिने आयबीएमबरोबर २०१८ साली ट्रेडलेन्स नावाची ब्लॉकचेनवरची, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक डिजिटल नोंदवहीवरची, व्यवस्था उभारली. जहाजाची सगळी कागदपत्रं एका जागी येणार होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर झालं. तंत्र चालत होतं, पण साऱ्या उद्योगाचं जे सहकार्य लागतं ते मिळालं नाही. प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या व्यवस्थेत आपली माहिती टाकायला बाकीचे का तयार होतील, हा प्रश्न आपल्या मार्केट यार्डातला हळदीचा कोणताही अडत्या पहिल्याच बैठकीत विचारेल. दुसरं, मॅकडोनाल्ड्स. गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर घेणारी आवाजी एआय व्यवस्था तिने अमेरिकेत शंभरावर ठिकाणी लावली आणि २०२४ च्या जुलैअखेर काढून टाकली. या कंपन्यांना असे प्रयोग परवडतात. फसलेला खर्च त्यांच्या ताळेबंदात एक ओळ होतो. तीन फर्नेसच्या फाउंड्रीत तोच खर्च कामगारांच्या दिवाळी बोनसमधून जातो.

पाच वर्षांचं भाकीत घ्या. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं वीजकेंद्र १८८२ साली सुरू झालं. १८९९ साली अमेरिकेतल्या कारखान्यांच्या यांत्रिक शक्तीत विजेच्या मोटरींचा वाटा पाच टक्केही नव्हता. तो निम्म्यावर जायला १९१९ उजाडलं. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी याचं कारण नीट उलगडलं आहे. सुरुवातीला लोकांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवली आणि छताखालचा लांब दांडा, पट्टे, पुल्या तशाच ठेवल्या. फायदा फारसा झाला नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, यंत्रं कामाच्या क्रमाने मांडली गेली, इमारती नव्याने बांधल्या गेल्या, तेव्हा उत्पादन वाढलं.

एआयबाबत मला आपल्या भागात हेच दिसतं. एका फाउंड्रीने कास्टिंगमधले दोष पकडणारा कॅमेरा घ्यायचं ठरवलं होतं. रिजेक्शनचे कागद पाहिले तर बहुतेक दोष ब्लोहोलचे, म्हणजे वायू अडकून झालेल्या आतल्या पोकळ्यांचे. ते कॅमेऱ्याला दिसणारच नव्हते. आणि साच्याच्या वाळूतल्या ज्या ओलाव्याने असे दोष होतात, त्याची रोजची नोंद कुणी ठेवत नव्हतं. ती नोंद वहीत ठेवली तरी चालते, पण ती नसताना कॅमेऱ्यावर खर्च करणं म्हणजे जुन्या दांड्याला नवी मोटर लावणं. कारखानदाराने आधी नोंद सुरू केली. कॅमेऱ्याचा विचार त्याने सोडलेला नाही.

मजकुरात एक गोष्ट खरी आहे, ती मी मान्य करतो: उशिराचीही किंमत असते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ज्यांचे हिशेब संगणकावर नव्हते त्यांचे हाल मी पाहिले आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू झालं तेव्हाही तेच झालं. कायदा किंवा गिऱ्हाईक मागतं तिथे रेंगाळू नये. परदेशी खरेदीदाराला इंग्रजीत पत्र लिहायला, लांबलचक टेंडर समजून घ्यायला एआय आजच वापरा. महिनाभर वापरून सोडता येतं, नुकसान काही नाही. फक्त आपले दर आणि गिऱ्हाइकांची यादी फुकटच्या ॲपमध्ये टाकू नका.

मागे फिरता येत नाही अशा खर्चाचं गणित वेगळं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. काही दिवसांत ती थोडी सैल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठलीही. पण मधल्या काळात कर्ज काढून आसवनी (डिस्टिलरी) वाढवलेल्या साखर कारखान्यांचे हप्ते थांबले नव्हते. तंत्र उत्तम होतं, मागणी होती, धोरणही कालपर्यंत पाठीशी होतं. ‘आधी उडी घ्या’ म्हणणारा माणूस त्या हप्त्याच्या तारखेला शेजारी उभा नसतो.

बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना सध्या नव्या कलर सॉर्टरची, म्हणजे रंगावरून माल निवडणाऱ्या यंत्राची, गळ घातली जाते आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. प्रात्यक्षिक पावसाळ्यात कोल्ड स्टोरेजमधल्या निवडक मालावर पाहू नका. आपल्याकडे बेदाणा तयार होतो फेब्रुवारी ते एप्रिल. त्या काळात, शेडवरून आलेल्या देठासह, धुळीसह असलेल्या मालावर, तुमच्याकडच्या कामगार बायका हाताने निवडतात त्याच्या शेजारी ते यंत्र चालवून दाखवायला सांगा. हिरवा, पिवळा आणि काळा माल किती किलो वेगळा निघाला, चांगल्यातला किती वाया गेला, ते दोन्हीकडे तोलून घ्या. जो विक्रेता हंगामात यायला तयार नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.