पिवळ्या किटलीवर हसणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी 'फॉर्म्युला वनमधल्या फसलेल्या गाड्या' असलं काहीतरी फॉरवर्ड केलं. पहिलाच फोटो फ्रेंच कंपनी रेनॉच्या आरएस-01 या रेसिंग गाडीचा. खाली लोळून हसणाऱ्या स्मायल्यांची रांग. डोकंच फिरलं.

अरे, 1966 पासून नियम होता. साधं इंजिन घ्या तीन लिटरचं, नाहीतर दाबाने हवा भरणारं घ्या दीड लिटरचं. निम्म्या इंजिनात तेवढीच ताकद काढून दाखवा! अकरा वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. बहुतेक ब्रिटिश टीम कॉसवर्थ कंपनीचं तयार व्ही-8 इंजिन विकत घ्यायच्या, बसवायच्या, पळायच्या. रेनॉने मात्र दीड लिटरच्या व्ही-6ला टर्बो लावला, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारं चाक. जुलै 1977, इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन. रेनॉचा ड्रायव्हर झाँ-पिएर झाबुई सुरुवातीच्या रांगेत 21वा उभा होता आणि सोळाव्या फेरीला टर्बो गेला. त्या वर्षी एकही शर्यत पूर्ण झाली नाही. धूर बघून लोकांनी नाव पाडलं, पिवळी किटली.

माझ्या मामाकडे जुनी टर्बो डिझेल जीप होती. वरंधा घाटात वळणावर पाय दाबला की आधी काहीच नाही. मग एकदम उसळी! मामी वरचं हँडल धरून गणपतीचं नाव घ्यायची. झाबुईला हेच झेलायचं होतं, पण पाचशे हॉर्सपॉवरचं. वळणाच्या मध्यातच पाय दाबायचा, ताकद वळण संपताना येईल या भरवशावर. बसून बघा एकदा.

घाट चढून आलो की मामा इंजिन लगेच बंद करू द्यायचा नाही. "टर्बो निवू दे जरा," म्हणायचा. एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारं ते चाक लालबुंद होतं. शर्यतीत कुठलं आलंय निवणं! म्हणून तर पिस्टन, टर्बो, सगळं जळत होतं.

हो, मान्य, सरकारी कंपनीचा पैसा होता, म्हणून इतकं जाळणं परवडलं. पुढे?

1978च्या शेवटी अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला चौथा. 1979ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला पोल, म्हणजे सुरुवातीला सगळ्यात पुढची जागा. उंचावरची विरळ हवा, बाकीची इंजिनं धापा टाकतायत आणि टर्बो हवा दाबून भरतोय. मग 1 जुलै 1979, दीजाँ. गाडी आता आरएस-10, टर्बो एकाऐवजी दोन. झाबुई जिंकला. फ्रेंच ड्रायव्हर, फ्रेंच गाडी, फ्रेंच इंजिन, फ्रेंच टायर, आणि तेही फ्रान्समध्येच.

त्यानंतर हसणाऱ्यांनीच टर्बो शोधायला धावाधाव केली. 1983ला टर्बोवर पहिलं ड्रायव्हर्स विजेतेपद आलं, ते पिकेच्या ब्रॅबम-बीएमडब्ल्यूला. रेनॉचा प्रॉस्ट दोन गुणांनी हुकला, आणि रेनॉने वर त्यालाच काढून टाकलं. तो गाढवपणाच, त्याचा बचाव मी करणार नाही. पण ज्याने फॉरवर्ड टाकलाय त्याच्या पार्किंगमध्येही टर्बो डिझेलच उभी आहे, बरं का.

असो. चिडून काय होणार. मला झाबुईचंच वाईट वाटतं. तो स्वतः इंजिनिअर, गाडी घडवण्यात त्याचाही हात. दीजाँ म्हटलं की सगळ्यांना आठवते ती त्याच शर्यतीतली व्हिलनव्ह आणि आर्नू या ड्रायव्हरांची दुसऱ्या नंबरसाठीची झुंज. मीही ती शंभरदा बघितली असेल. झाबुई 1980ला ऑस्ट्रियात आणखी एकदा जिंकला, त्याच वर्षी कॅनडात पाय मोडला, पुढच्या वर्षी थांबला. 2023ला गेला.

व्हिलनव्ह-आर्नूचा व्हिडिओ कमेंटमध्ये टाकणार असाल तर टाका. फक्त त्यांच्या पुढे कोण होतं, तेही लिहा.