पहिली रायफल आणि ‘एकदाच घ्या, मोठी घ्या’ हा सल्ला

पहिली रायफल घेणाऱ्याने शक्यतो पॉइंट टू टू, म्हणजे सुमारे ०.२२ इंच मापाची लहान गोळी झाडणारी रायफल घ्यावी, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत आणि ती स्पष्ट शब्दांत दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : हा सल्ला नवख्या माणसाला कमी लेखणारा आहे, सहा महिन्यांत त्याला मोठी रायफल घ्यावीच लागते आणि दोनदा खर्च होतो, शिवाय मी सरळ एखाद्या मॉडेलचे नाव सांगण्याऐवजी उलट प्रश्न विचारत बसतो. यातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

ज्याला हरणासारख्या मोठ्या जनावराची कायदेशीर शिकार करायची आहे, त्याच्यासाठी पॉइंट टू टू हे उत्तर असूच शकत नाही. तिची साधारण २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास वेगाने निघते. एवढ्या ताकदीने मोठे जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत जाते आणि तिथे तासन्तास तडफडते. लेखात मी ही मर्यादा ठळकपणे सांगायला हवी होती. ती राहिली ही माझी चूक आहे आणि मूळ लेखात ती दुरुस्ती मी आज केली आहे.

मात्र माझ्याकडे विचारणा करणारे बहुतेक लोक शिकारी नसतात. त्यांना कागदावरच्या लक्ष्यावर नेम साधायला शिकायचे असते, आणि तिथे ‘मोठीच घ्या’ हा सल्ला त्यांचे खरोखर नुकसान करतो. नुकसान कसे होते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. एक तरुण मोठ्या ताकदीची मॅग्नम रायफल घेऊन आला होता. जेमतेम चाळीस गोळ्या झाडून झाल्या होत्या आणि शंभर मीटरवर त्याच्या गोळ्या ताटाएवढ्या पसरत होत्या. रायफलमध्ये दोष आहे, अशी त्याची खात्री होती. मी त्याला न सांगता खऱ्या काडतुसांमध्ये एक डमी, म्हणजे दारू नसलेले, न उडणारे काडतूस मिसळले. त्याने ट्रिगर दाबला, बार झालाच नाही, तरी नळीचे तोंड चांगले चार बोटे खाली गेले, डोळे घट्ट मिटले गेले आणि खांदा पुढे आला. तो स्वतःच थबकला आणि रायफलकडे पाहत राहिला. धक्का यायच्या आधीच त्याचे शरीर दचकायला शिकले होते, आणि नेम बिघडत होता तो त्या दचकण्याने.

ही सवय लागायला एक दुपार पुरते आणि सुटायला कित्येक महिने जातात. तीन-साडेतीन किलोच्या पॉइंट थ्री झीरो एट या मोठ्या काडतुसाच्या रायफलचा धक्का ऊर्जेच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या पॉइंट टू टूच्या शंभरपटीहून जास्त असतो, आणि मॅग्नम तर त्याच्याही पुढे. नवखा माणूस एकाच वेळी श्वास, ट्रिगरवरचा दाब, गालाची टेकण आणि शॉटनंतर नजर जागेवर ठेवणे हे सगळे शिकत असतो, तेव्हा प्रत्येक शॉटला खांद्यावर गुद्दा बसत असेल, तर त्याचे सगळे लक्ष त्या गुद्द्याकडेच जाते. पॉइंट टू टूमध्ये चूक लपत नाही : गोळी तुलनेने संथ असल्यामुळे शॉटनंतर रायफल हलवली की भोक लगेच भलतीकडे दिसते. आपण ज्याला कमी लेखणे म्हणता, त्याला मी कसून शिकवणे म्हणतो. ऑलिम्पिकमधले अव्वल नेमबाज ५० मीटरवर हेच काडतूस वापरतात, आणि १० मीटरवर ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याची एअर रायफल. ही लहान मुलांची साधने असती, तर हे घडले नसते.

दोनदा खर्चाबद्दल आपण लिहिता, पण खर्च रायफलीवर होतो त्याहून काडतुसांवर जास्त होतो, कारण शिकणे म्हणजे हजारो शॉट. मोठे काडतूस महाग असते, म्हणून माणूस सरावाला गेला की वीस शॉट मारून थांबतो, आणि वीस शॉटांत कोणीही नेमबाज होत नाही. शिवाय पुढे मोठी रायफल घेतली, तरी पॉइंट टू टू अडगळीत जात नाही, ती सरावाला कायम हाताशी राहते. माझ्याकडच्या रायफलींत सर्वांत जास्त झिजलेला बोल्ट, म्हणजे काडतूस आत सरकवणारा खटका, तिचाच आहे.

आता मॉडेलचे नाव. ते सांगणे मला सोपे आहे, आणि त्यामुळेच मी सावध राहतो. आपण जे विकत घेतले, ते बरोबरच होते असे प्रत्येकाला वाटते, मलाही वाटते. मी माझ्या पसंतीचे नाव सांगितले, तर ती रायफल माझ्या उंचीला, माझ्या हाताला बसणारी असेल. ट्रिगरपासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर दोन-तीन सेंटिमीटरने जास्त झाले, तरी आखूड हाताच्या माणसाला मान ताणून दुर्बिणीत पाहावे लागते आणि त्याचा गाल दस्त्यावर टेकतच नाही. म्हणून मी विचारतो : किती उंची, कोणता डोळा प्रबळ, किती अंतरावर, कशासाठी, महिन्यातून किती वेळा? उजव्या हाताने काम करणाऱ्या कित्येकांचा डावा डोळा प्रबळ असतो, आणि हे दुकानात जाण्याआधी कळलेले बरे. दुकानात रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून घ्यावी, विक्रेता सांगेल त्या सुरक्षित दिशेने धरावी, डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर आपोआप दुर्बिणीच्या मधोमध आली, तर ती रायफल आपली. लहान रायफल घेऊन पैसे उरले, तर ते रायफलीवर दुर्बीण बसवणाऱ्या पकडींवर आणि वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसे करून पाहण्यावर खर्च करावा. पॉइंट टू टू या बाबतीत फार चोखंदळ असते, एकाच नळीतून एका काडतुसाचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, नाण्याएवढा येतो आणि दुसऱ्याचा दुप्पट.

शेवटी एक गोष्ट, जी आपल्या प्रतिक्रियेत नव्हती, पण तिच्यावर आलेल्या इतर दोघांच्या उत्तरांत होती : ‘लहान रायफलीने काय होणार!’ पॉइंट टू टूची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि जवळून माणसाचा जीव घेते. ती मी सोपी म्हणून सुचवतो, निरुपद्रवी म्हणून नाही. कुलूपबंद पेटी, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि आपल्या भागातला परवान्याचा नियम, या तिन्हींची व्यवस्था लागलेली नसेल, तर कोणत्याही मापाची रायफल इतक्यात घेऊ नये, असेच मी विचारणाऱ्याला सांगतो. आपल्या ओळखीतला जो मित्र मोठ्या रायफलीकडे वळतो आहे, असे आपण लिहिले आहे, त्याला त्याआधी कोणाची तरी पॉइंट टू टू घेऊन त्या व्यक्तीच्या देखरेखीखाली शंभर शॉट मारू द्यावेत, आणि त्यात न सांगता दोन डमी काडतुसे मिसळावीत. मग त्याने काय ठरवले, ते आपण इथे जरूर लिहा.