तुर्कस्तानातील ज्युपिटर क्षेपणास्त्रे आणि ‘बदल्यात काहीही दिले नाही’ हा दावा

सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे ठेवल्याने उद्भवलेल्या पेचप्रसंगाविषयी वारंवार पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका मजकुराचा आशय असा आहे: ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी शेपूट घातले आणि अमेरिकेने बदल्यात काहीही दिले नाही. पुढच्या वर्षी तुर्कस्तानातील तळांवरून अमेरिकेची ज्युपिटर ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे उतरवली गेली खरी, परंतु ती आधीच भंगारात निघाली होती, ती काढण्याचा आदेश केनेडी यांनी संकटापूर्वीच दिला होता, त्यांच्या जागी पाणबुड्या येणारच होत्या आणि तेव्हापासून तुर्कस्तान अण्वस्त्रमुक्त झाला. सबब या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, असा त्या मजकुराचा निष्कर्ष आहे. यातील काही वाक्यांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच निष्कर्ष पटण्याजोगा वाटतो. पण तो चुकीचा आहे.

प्रथम ‘बदल्यात काहीही दिले नाही’ या विधानाकडे पाहू. क्युबावर आक्रमण न करण्याचे आश्वासन केनेडी यांनी उघडपणे दिले होते, तेव्हा हे विधान अक्षरशःसुद्धा टिकत नाही. परंतु खरा प्रश्न तुर्कस्तानचा आहे. २६ ऑक्टोबरच्या पत्रात ख्रुश्चेव्ह यांनी केवळ आक्रमण न करण्याची हमी मागितली होती. २७ तारखेला जाहीर केलेल्या दुसऱ्या पत्रात तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रांची मागणी आली. त्याच दिवशी क्युबावर अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले गेले आणि त्याचा वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाला. त्या संध्याकाळी अध्यक्षांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत अनातोली डोब्रिनिन यांची भेट घेतली. डोब्रिनिन यांनी मॉस्कोला पाठवलेली तार सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर प्रसिद्ध झाली असून, तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे काढण्यात अध्यक्षांना मोठी अडचण दिसत नाही, त्याला चार-पाच महिने लागतील, मात्र याची जाहीर वाच्यता होता कामा नये, असे रॉबर्ट केनेडी यांनी सांगितल्याची नोंद तीत आहे. ख्रुश्चेव्ह यांनी २८ तारखेला माघार जाहीर केली आणि या समजुतीचा लेखी उल्लेख असलेले एक खासगी पत्रही पाठवले. ते स्वीकारणे शक्य नाही असे सांगून रॉबर्ट केनेडी यांनी ते परत केले. जो सौदा झालाच नाही त्याचा कागद परत करण्याची एवढी धडपड कोणी केली नसती.

हे कळायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर अमेरिकी बाजूच्या वर्तनात आहे. हे आश्वासन अध्यक्षांच्या जेमतेम आठ-नऊ सल्लागारांना ठाऊक होते. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यांत नव्हते. १९६३ च्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री डीन रस्क आणि संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा या दोघांनीही संसदीय समित्यांपुढे असा कोणताही सौदा झाल्याचे नाकारले. रॉबर्ट केनेडी यांच्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६९ मध्ये, पुस्तकरूपाने आल्या. त्यांचे संपादन करताना सौद्याचा स्पष्ट उल्लेख आपण वगळला, हे अध्यक्ष केनेडी यांचे सल्लागार थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ च्या मॉस्को परिषदेत मान्य केले. त्याआधी १९८२ मध्ये केनेडी यांच्या सहा माजी सहकाऱ्यांनी, ज्यांत रस्क आणि मॅकनमाराही होते, डोब्रिनिन यांना खासगीत असे सांगितले गेल्याची कबुली दिली होती. गरज पडल्यास संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस यू थांट यांच्या तोंडून उघड अदलाबदलीचा प्रस्ताव यावा, अशी तजवीज केनेडी यांनी करून ठेवली होती, हे रस्क यांनी १९८७ मध्ये उघड केले. ती वेळ आली नाही, पण ‘अढळ केनेडी’ हे चित्र त्यानंतर फारसे शिल्लक राहत नाही.

‘काढण्याचा आदेश आधीच दिला होता’ हा मुद्दा सर्वांत चिवट आहे, कारण तो केनेडी यांच्या निकटवर्तीयांनीच रूढ केला. या कथेनुसार आपला हुकूम पाळला गेला नाही हे ऐन संकटात कळल्यावर अध्यक्ष संतापले. कागदपत्रे वेगळे सांगतात. २३ ऑगस्ट १९६२ च्या अध्यक्षीय टिपणात तुर्कस्तानातून ज्युपिटर हलवण्यासाठी काय करता येईल, अशी विचारणा संरक्षण खात्याकडे केली आहे. ती विचारणा आहे, आदेश नव्हे. त्याआधी १९६१ मध्येही हा विषय निघाला होता. तेव्हा तुर्कस्तानच्या सरकारने नापसंती दर्शवली आणि व्हिएन्नातील ख्रुश्चेव्ह भेटीनंतर अशी माघार दुबळेपणाची दिसेल, या कारणास्तव अधिकाऱ्यांनी प्रतिकूल सल्ला दिला. शिवाय नुसता हुकूम सोडणे व्यवहारात अवघड होते. ही क्षेपणास्त्रे नाटोच्या डिसेंबर १९५७ च्या निर्णयानुसार आणि १९५९ च्या द्विपक्षीय करारानुसार तुर्कस्तानला देऊ केलेली होती. वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरील अण्वस्त्र) अमेरिकेच्या ताब्यात आणि डागण्यासाठी दोन्ही देशांची चावी, अशी व्यवस्था होती.

या संदर्भात केनेडी आणि त्यांच्या सल्लागारांच्या १६ ऑक्टोबरच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण मोठे बोलके आहे. ख्रुश्चेव्ह यांनी क्युबात क्षेपणास्त्रे ठेवणे म्हणजे आपण एकाएकी तुर्कस्तानात ती ठेवू लागण्यासारखेच धोक्याचे आहे, असे केनेडी बोलून जातात आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी त्यांना लगेच आठवण करून देतात की आपण तेच तर केले आहे. आपण काढायला सांगितलेली क्षेपणास्त्रे अजून तिथेच कशी, असे यावर केनेडी म्हणत नाहीत. मोडलेल्या हुकुमाची तक्रार २७ तारखेच्या दीर्घ चर्चेतही नाही. तिथे खल चालतो तो तुर्कस्तान आणि नाटो यांना कसे पटवायचे याचा.

‘भंगार’ या शब्दाबाबत मात्र मजकूर लिहिणाऱ्याला अर्धे श्रेय द्यावे लागेल. ज्युपिटर उघड्यावर उभे असे आणि त्यात द्रवरूप ऑक्सिजन व केरोसीन ऐनवेळी भरावे लागे. जमिनीवर उभा असलेला हा मनोरा बॉम्बहल्ल्यातच काय, दुरून झाडलेल्या बंदुकीच्या गोळीनेही निकामी होऊ शकला असता. परंतु ते जुने झालेले नव्हते. इझमीरजवळील चिगली तळाभोवतीच्या पाच ठिकाणी प्रत्येकी तीन, अशी पंधरा क्षेपणास्त्रे पूर्णपणे सज्ज झाली तीच १९६२ मध्ये. सुमारे २,४०० किलोमीटरच्या टप्प्यात मॉस्को येत होते आणि प्रत्येकावरील वॉरहेडची क्षमता १४ लाख टन टीएनटीहून अधिक, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे शंभर पट होती.

आणि ज्या दुबळेपणावर ‘भंगार’ हा शिक्का आधारलेला आहे, तोच मॉस्कोच्या दृष्टीने चिंतेचे कारण होता. पहिला घाव सोसून प्रत्युत्तर देता येणार नाही असे शस्त्र उपयोगी पडते ते पहिला घाव घालण्यासाठीच. त्यामुळे ज्युपिटर संरक्षणासाठी आहे, हे सोव्हिएत सेनापतींना पटणे शक्य नव्हते. लष्करीदृष्ट्या वॉशिंग्टनने फारसे गमावले नाही हे मान्य. राजकीयदृष्ट्या मात्र स्वतःच्या सुरक्षेसाठी मित्रदेशाची शस्त्रे विकल्याचा आरोप होण्याची भीती इतकी खरी होती की गोष्ट पुढची दोन दशके दडवावी लागली. भंगार विकले हे कोणी इतके लपवत नाही.

पाणबुड्यांचा मुद्दा अर्धवट खरा आहे. पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्या येईपर्यंत थांबा, असे तुर्कस्ताननेच १९६१ मध्ये सुचवले होते, आणि ‘सॅम ह्यूस्टन’ ही पोलॅरिस पाणबुडी एप्रिल १९६३ मध्ये इझमीर बंदरात आलीही. पण नेहमीचे आधुनिकीकरण सावकाश चालते. इथे तारीख आधी ठरली आणि पर्याय नंतर जुळवला गेला. ख्रुश्चेव्ह यांच्या घोषणेच्या दुसऱ्याच दिवशी मॅकनमारा यांनी संरक्षण खात्यातील जॉन मॅकनॉटन यांच्यावर ही कामगिरी सोपवली आणि १ एप्रिलची मुदत घातली. जानेवारीत तुर्कस्तान आणि इटली यांची संमती मिळवली गेली. एप्रिलच्या मध्यास तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे उतरवायला सुरुवात झाली, आणि शेवटचे क्षेपणास्त्र काल उतरले, अखेरचे वॉरहेड शनिवारी विमानाने रवाना होईल, असे मॅकनमारा यांनी २५ एप्रिलला अध्यक्षांना कळवले. डोब्रिनिन यांना सांगितलेल्या अवधीपेक्षा जेमतेम महिनाभर अधिक लागला.

इटलीतील तीस ज्युपिटरही त्याच सुमारास निघाले आणि त्यांचा सौद्यात उल्लेख नव्हता, म्हणून सौदा नव्हताच, असा एक उपमुद्दाही मांडला जातो. माझ्या मते तो उलट दिशेने वाचायला हवा. केवळ तुर्कस्तानचे तळ रिकामे केले असते तर क्युबाशी असलेला संबंध शेंबड्या पोरालाही दिसला असता. दोन्ही देशांतील एकाच जातीचे क्षेपणास्त्र एकाच वेळी निवृत्त केल्याने पोलॅरिसच्या स्पष्टीकरणाला वजन आले.

ख्रुश्चेव्ह यांनी क्युबातील क्षेपणास्त्रे केवळ ज्युपिटरपायी मागे घेतली, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. अमेरिकी हल्ला तोंडावर आल्याची भीती आणि क्षेपणास्त्रांच्या संख्येतील सोव्हिएत संघाचे मागासलेपण ही कारणे मोठी होती, आणि २८ तारखेचा निर्णय तुर्कस्तानचे आश्वासन मॉस्कोत नीट पोहोचण्यापूर्वीच होत आला होता, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही दिलेला शब्द दिलेलाच राहतो.

उरला ‘अण्वस्त्रमुक्त तुर्कस्तान’. एप्रिल १९६३ मध्ये गेली ती क्षेपणास्त्रे आणि त्यांची वॉरहेड. विमानांतून टाकायचे अमेरिकी अणुबॉम्ब तुर्कस्तानात राहिले, आणि शीतयुद्ध संपल्यानंतरही अडानाजवळील इंजिर्लिक तळावर बी-६१ जातीचे बॉम्ब असल्याचे या विषयाचे अभ्यासक सातत्याने सांगत आले आहेत.