तीन जुन्या विजारी आणि एक पातेलं

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात आणि हिरवं टर्फ. ही हॉकी बर्फावरची, आणि त्यातही खरा बर्फ कुठेच नाही. कॅनडा-अमेरिकेतले बत्तीस हौशी लोक एकेका संघाचे जनरल मॅनेजर (जीएम) होतात, एनएचएल ह्या तिकडच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधल्या खऱ्या खेळाडूंची नावं आपापसांत वाटून घेतात, आणि कमिशनर म्हणवणारा एक गृहस्थ रोज रात्री बटण दाबतो. कम्प्युटर मिनिटभरात सगळे सामने उरकून निकाल हातात ठेवतो. प्रवेश फी शून्य, बक्षीस शून्य. तरीही दोघांनी एक सेंटर, म्हणजे मधला आक्रमक खेळाडू, इकडचा तिकडे केला की उरलेले तीस जण अशा आवेशात उठतात, की वडिलोपार्जित वाड्याची वाटणी झाली आणि नेमकी ह्यांच्या वाट्याला मोरी आली.

मी अशा लीगच्या ट्रेड कमिटीवर, म्हणजे सौदे तपासणाऱ्या कमिटीवर, आहे. कमिटीत पाच जण. तिघांनी नाही म्हटलं की सौदा मोडला. हिवाळ्यात टोरांटोमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात, त्यामुळे माझा न्यायनिवाडा दूध उतू जाण्याच्या मुहूर्तावर चालतो.

नमुन्यादाखल हा सौदा घ्या. 'क' संघ देतो एकतीस वर्षांचा सेंटर: ओव्हरऑल रेटिंग ७८, वर्षाला ७५ लाख डॉलर, करार अजून चार वर्षं. 'ख' संघ देतो बावीस वर्षांचा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक (६८), एक डिफेन्समन (७०), पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, आणि वर सातव्या फेरीचा एक. (ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वार्षिक निवड, पिक म्हणजे त्यातली पाळी; तळाच्या संघांची पाळी आधी.) हा सातव्या फेरीचा पिक म्हणजे कोथिंबीर. त्याला किंमत नाही, पण नाही मिळाला तर माणूस दिवसभर घुश्शात.

पहिली आरोळी ठरलेली: "६८ आणि ७० मिळून १३८ झाले, समोर फक्त ७८! लूट आहे ही!" ह्या माणसाला बोहारणीपुढे बसवायला हवं. तीन विटक्या विजारी मिळून एक जरीची साडी होत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. सामन्याला संघात वीसच जण उतरतात: बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली, म्हणजे गोलरक्षक. फॉरवर्ड तिघातिघांच्या चार ओळींत आलटून-पालटून उतरतात. पहिल्या ओळीतला सेंटर वीसेक मिनिटं बर्फावर असतो, चौथ्या ओळीतला जेमतेम आठ-दहा. म्हणजे मोजायची ती मिनिटं, आणि ती बेरजेने वाढत नाहीत. शिवाय एकाच्या बदल्यात दोघे घरात घेतले की तेवीस जणांच्या यादीतून कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. तो जाणारा माणूसही किमतीत धरायचा असतो. तो कोणीच धरत नाही.

दुसरी गोम ओव्हरऑलमध्येच. हा आकडा म्हणजे मिसळ. स्केटिंग, पासिंग, स्कोरिंग, डिफेन्स, फेसऑफ (खेळ सुरू होताना चकतीसाठी दोघांची झटापट), धक्के, मारामारी, दम, शिस्त, सगळं एका ताटात. दोन खेळाडू ७० चे असतात. एकाचं पासिंग ७८ असतं, दुसरा नुसताच आडदांड. म्हणून मी आधी ओव्हरऑलवर अंगठा ठेवून तो झाकतो आणि बाकीची ओळ वाचतो. सेंटरचं फेसऑफ ५५ असेल तर तो सेंटर कागदावरचा. आणि गोली असेल तर सगळे हिशोब बाजूला. चांगला गोली संघाला पुढे काढतो, वाईट गोली बाकीच्या एकोणीस जणांची मेहनत पाण्यात घालतो.

तिसरी गोष्ट करार. जमीन घेताना सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना बघायचा असतो, तसं इथे किती वर्षं आणि किती पगार ते बघायचं. २०२५-२६ साठी एनएचएलची पगारमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरली होती. आपला सेंटर चौथ्या वर्षी पस्तिशीला टेकेल, पाय जड होतील, पगार मात्र तोच. 'क' संघाने निम्मा पगार आपल्याकडे ठेवला, म्हणजे तो स्वतःच भरत राहिला, तर 'ख' ला तो साडेसदतीस लाखांत पडतो, आणि मग हाच सौदा अचानक गोड होतो. निम्म्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि एका संघाला एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात. त्यातला एक हात इथे गुंतला. हीसुद्धा किंमतच, पण बोंब मारणाऱ्यांच्या वहीत ती नसते.

खरी मेख मात्र उन्हाळ्यात असते. मोसम संपला की खऱ्या आकड्यांवरून सगळ्यांची रेटिंग नव्याने लागतात. साधारण फॉरवर्डचे शंभर शॉट्समागे दहाएक गोल होतात. बावीस वर्षांच्या पोराचे एका मोसमात शंभरामागे वीस झाले, तर सहसा ते नशीब. पुढच्या वर्षी गाडी रुळावर येते आणि स्कोरिंगचं रेटिंग धाडकन खाली. जाणते लोक असली पोरं मे महिन्यातच विकतात. नवखे जूनमध्ये घेतात आणि सप्टेंबरमध्ये तक्रार अर्ज लिहितात.

पहिल्या फेरीचा पिक हा शब्दही असाच फसवा. तिसरा पिक आणि एकतिसावा पिक ह्यांत बंगला आणि गच्चीवरची पत्र्याची खोली एवढा फरक, नाव मात्र एकच. २०२२ पासून एनएचएलच्या, पिकचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत जिंकणारा संघ दहाच जागा वर सरकू शकतो, म्हणजे पहिल्या पिकचं स्वप्न तळाच्या अकरा संघांनीच बघायचं. ज्याच्याकडून पिक घेतो तो संघ हा सेंटर मिळाल्यावर वर चढणार, म्हणजे आपण घेतलेला पिक आपणच स्वस्त करतो. हे लक्षात आलं की समोरचा जीएम दोन दिवस गप्प होतो.

एवढं समजावलं की कुणीतरी इतिहास काढतोच. २०१६ चा टेलर हॉल आणि अ‍ॅडम लार्सनचा सौदा, एकास एक: हॉल देऊन लार्सन घेणाऱ्या एडमंटनची जगाने खिल्ली उडवली, २०१८ मध्ये हॉलने हार्ट ट्रॉफी, म्हणजे संघासाठी सर्वांत मोलाच्या खेळाडूचा किताब, नेली. मला मात्र १९९२ चा एरिक लिंड्रोस ह्या तरुण सेंटरचा सौदा प्रिय आहे. क्विबेकने तो फिलाडेल्फियालाही दिला आणि न्यूयॉर्क रेंजर्सलाही! एकाच वराचा साखरपुडा दोन घरी. शेवटी लवाद बसला आणि वर फिलाडेल्फियाला मिळाला. बदल्यात क्विबेकला पीटर फोर्सबर्ग धरून खेळाडूंची अख्खी वरात, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि दीड कोटी डॉलर. त्यातल्या एका पिकवर जोसलिन तिबो हा गोली घेतला, तोच १९९५ मध्ये पॅट्रिक रॉय हा नामी गोली आणण्याच्या सौद्यात मॉन्ट्रियलला गेला, आणि तोवर कोलोरॅडोत बिऱ्हाड हलवलेल्या ह्याच संघाने १९९६ मध्ये स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, उचलला. म्हणजे सौदा कुणी मारला हे कळायला चार वर्षं गेली. आमच्या कमिटीला मुदत अठ्ठेचाळीस तास.

म्हणून मी सौदा मोडायला सहसा हात वर करत नाही. मूर्खपणाला बंदी घालायची तर लीगमध्ये चारच जण उरतील, आणि त्यांत मी असेनच असं नाही. मत जातं ते लबाडीवर. एकाच माणसाची दोन नावं, लीग सोडून जाताना मित्राला घर लुटवणारा जीएम, 'आत्ता हा घे, उन्हाळ्यात परत दे' असे तोंडी वायदे. आणि नवा भिडू. तो आल्याच्या पहिल्या रात्रीच जुने खोंड त्याच्या दारात भांडी घेऊन बसलेले असतात. त्यावर उपाय म्हणजे पहिले काही आठवडे त्याला मोठे सौदेच करू द्यायचे नाहीत, आणि कुठलाही सौदा दोघांनीही लेखी कबूल केल्याशिवाय धरायचा नाही.

नमुन्यातल्या सौद्याचं काय? 'क' संघ निम्मा पगार ठेवायला तयार झाला, पिक पहिल्या तीनांत आला तर वर्षभर पुढे ढकलायचं ठरलं, सातव्या फेरीच्या पिकवरून आणखी एक रात्र गेली, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर. कमिशनरने बटण दाबलं. ह्या धुमश्चक्रीत 'ख' च्या जीएमने नव्या ओळींची फाईलच पाठवली नव्हती. मग कम्प्युटरने रिकामी जागा दिसली तिथे माणसं बसवली, आणि ज्या सेंटरसाठी बत्तीस घरांची झोप उडाली होती, तो चौथ्या ओळीत सहा मिनिटं खेळला, दोन फेसऑफ हरला आणि अडखळवल्याबद्दल दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसून आला.