पाच लिहिले, तीनच झाले: यवतमाळच्या ताईंना उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तर दोन ओळींत संपणारं नाही, म्हणून सवडीनं लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ‘चिखलदऱ्यात एका दिवसात पाच थरार’ हा माझा लेख वाचून तुम्ही, तुमचे मिस्टर आणि चौदा वर्षांची मुलगी दसऱ्यानंतरच्या रविवारी तिथे गेलात. पहाटे तीनला यवतमाळ सोडलं. माणशी १८०० रुपये भरले. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं), व्हॅली क्रॉसिंग (दोरावरून दरी ओलांडणं), झिपलाइन (ताणलेल्या तारेला लटकून घसरत जाणं), कयाकिंग (छोटी होडी वल्हवणं) आणि गाविलगड किल्ल्याचा ट्रेक एवढं ठरलं होतं. त्यातलं रॅपलिंग झालं, तळ्यात पंधरा मिनिटं कयाक मिळाली, आणि किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जाऊन परत आलात. ३१ माणसांना एक दोर होता, चार तास बसून काढले. फोटोतला उंच कडा सोडून बुटक्या खडकावर दोर लावला. झिपलाइनवर ‘वजन कमी आहे’ म्हणून मुलीला परत पाठवलं, आणि थोड्या वेळानं ढग गडगडले म्हणून झिपलाइन सगळ्यांसाठीच बंद केली. तुम्ही हेही लिहिलंत, ‘पैसे घेऊन जाहिरात करता का? आमची पोरगी यवतमाळ येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही.’

पैशांचं आधी. जानेवारीत मी माझ्या खिशातले १८०० भरून गेलो होतो. आयोजकांनी मला काही दिलं नाही, मी मागितलं नाही.

पण माझ्या लेखात चूक आहे आणि ती मोठी आहे. आम्ही गेलो तेव्हा बारा जण होतो आणि दोर दोन होते. आठवड्याचा मधला वार, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. त्या दिवशी पाचही गोष्टी झाल्या, आणि मी ‘पाच होतात’ असं लिहून मोकळा झालो. बारा माणसं आणि दोन दोर हे लिहिलंच नाही. आता तुमचा हिशेब बघा. एका माणसाला रॅपलिंगला आठ मिनिटं धरली तर ३१ माणसांना २४८ मिनिटं लागतात. म्हणजे चार तास आणि वर आठ मिनिटं. बारा माणसं दोन दोरांवर साधारण पाऊण तासात उतरतात. तुमचे ते चार तास कुणाच्या आळसामुळे गेले नाहीत. ते त्या ३१ आकड्यातच होते, आणि तो आकडा विचारून घ्या हे सांगायचं काम माझं होतं.

एवढी माणसं एका दोरावर घेणं ही आयोजकांची चूक, हेही तितकंच स्पष्ट सांगतो. मी फोन केला होता. ऐनवेळी एक मोठा ग्रुप आला, नाही म्हणता आलं नाही, असं ते म्हणाले. नाही म्हणायला हवं होतं. झिपलाइन आणि व्हॅली क्रॉसिंगचे पैसे तुम्ही परत मागा. हक्कानं मागा.

आता एका माणसाला एवढा वेळ कशाला लागतो, हा तुमचा प्रश्न. ‘उतरायला तर दोन मिनिटंही लागत नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय, ते बरोबर आहे. उरलेली सहा मिनिटं कुठे जातात ते सांगण्यासाठी मला माझा एक जुना दिवस सांगावा लागेल. तो मी आजवर लिहिला नव्हता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्हा दुसरा, आयोजक दुसरा. एका दिवसात सहा गोष्टी करून दाखवतो अशी त्याची ख्याती होती. रॅपलिंगला माझा नंबर आला. हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचे अंगावरचे पट्टे, घातलेला, हेल्मेट डोक्यावर. कड्याच्या काठावर दरीकडे पाठ करून उभा राहिलो. रॅपलिंगमध्ये सगळ्यात अवघड क्षण हाच. पाय खडकावर रोवून अंग मागे, मोकळ्या हवेत टाकायचं असतं. मी मागे झुकलो आणि कमरेचा पट्टा बकलातून सर्रकन दोन बोटं सरकला. आवाजही झाला नाही. फक्त कमरेला काहीतरी सैल लागलं.

त्या जुन्या पद्धतीच्या बकलात पट्टा एकदा ओवून भागत नाही. तो परत उलटा फिरवून त्याच बकलातून काढावा लागतो, तेव्हा तो स्वतःलाच दाबून धरतो. माझा पट्टा एकदाच ओवलेला होता. वरून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात.

दोराजवळ एक कोरकू पोरगा बसला होता, विशीतला. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. त्याची नजर बकलावर होती. उठला, माझा हार्नेस छातीजवळ मुठीत धरला आणि म्हणाला, ‘भाऊ, पुढं या. आधी पुढं या.’ मला दोन पावलं आत ओढलं, पट्टा काढून नव्यानं ओवला, दोनदा हिसका देऊन बघितला. मागून आयोजक ओरडत होता, ‘चला पटापट, अजून तीन आयटम बाकी हायेत!’

त्या दिवशी सहाच्या सहा गोष्टी झाल्या. परतताना बसमध्ये सगळे म्हणत होते, पैसे वसूल. मी खिडकीशी बसून कमरेवर हात ठेवून होतो.

त्यानंतर मी कुठल्याही ठिकाणी गेलो की आधी हात बघतो. माणसाचे हात हार्नेसला लागतात की नुसती नजर टाकून पुढे ढकलतात? तुम्ही गेलात तिथे जानेवारीत मी हे नीट बघितलं. खाली एकजण हार्नेस घालतो. काठावर दुसरा माणूस तेच पुन्हा हातानं तपासतो. बकल ओढून बघतो, कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, लॉक बोटानं फिरवून बघतो, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बसलाय की नाही ते पाहतो. उतरायच्या दोराशिवाय बिलेचा, म्हणजे माणूस सुटला तर त्याला धरून ठेवणारा, वेगळा दोर असतो, तो वेगळ्या अँकरला (दोर बांधायच्या पक्क्या जागेला) बांधलेला, तोही तपासायचा. मग माणूस काठावर उभा राहतो आणि घाबरतो. त्याला घाबरायला वेळ द्यावा लागतो. काहींना अर्धा मिनिट पुरतो, काहींना तीन लागतात. मग तो उतरतो, खाली दोरातून सुटतो, खालून ‘दोर मोकळा’ अशी आरोळी येते आणि मगच पुढचा काठावर. झाली आठ मिनिटं. ही घाईनं पाच करता येतात. माझ्या त्या जुन्या आयोजकानं तीन केली होती.

बुटक्या खडकाचं. मीही फोनवर तेच विचारलं, कडा का बदलला? मोठ्या कड्याच्या पोटाला आग्या मोहोळ बसलं होतं. पावसाळा सरला की आपल्या सातपुड्याच्या कड्यांवर ही मोहोळं धरतात, उघड्या खडकाला नाहीतर उंच झाडाला. धूर, गलका, अत्तराचा वास, दगडाचा धक्का, कशानंही ती उठतात आणि एकदा उठली की लांबवर पाठलाग करतात. जमिनीवर असताना माणूस पळतो तरी. दोरावर अर्ध्यात लटकलेला माणूस कुठे पळणार? दोन्ही हात दोराला. शुद्ध हरपून हार्नेसमध्ये नुसता लटकत राहिला तर रक्त पायांत साचतं आणि डंखांपेक्षाही ते लवकर जिवावर बेतू शकतं. कडा बदलला तो शंभर टक्के बरोबर केला. तुम्हाला तिथेच बोट दाखवून सांगितलं असतं, ‘ताई, ते काळं लोंबतंय ना, ते मोहोळ,’ तर तुमचा अर्धा राग तिथेच गेला असता. सांगितलं नाही, हा त्यांचा दोष.

विजेचंही तसंच. परतीच्या पावसात आपल्याकडे दुपारनंतर आभाळ कसं भरून येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. वावरात, झाडाखाली थांबलेली माणसं विजेनं जातात हे आपण दरवर्षी ऐकतो. झिपलाइन म्हणजे दोन टेकड्यांवर ताणलेली लोखंडी तार. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, सगळं बंद करून आडोशाला जायचं. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास पुन्हा सुरू करायचं नाही. बऱ्याच ठिकाणी हाच नियम पाळतात. तुमच्या दिवशी दर वीसेक मिनिटांनी गडगडत होतं असं तुम्हीच लिहिलंय. मग ती तार पुन्हा सुरू होणारच नव्हती.

आता मुलीचं. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला हेच जास्त लागलं.

तिला वाटलं असेल की आपण लहान, आपल्यात दम नाही, म्हणून परत पाठवलं. तसं अजिबात नाही, हे तिला नक्की सांगा. झिपलाइनवर जास्त वजनाची मर्यादा असते हे सगळ्यांना कळतं. कमी वजनाची का असते, हे कुणी समजावत नाही. तार मध्यभागी झोळीसारखी खाली आलेली असते. माणूस उतारावरून वेगानं येतो आणि त्याच वेगावर पुढचा चढ चढून पलीकडे पोचतो. समोरून वारा आला की हलक्या माणसाचा वेग भारी माणसापेक्षा लवकर मरतो. तो पलीकडे पोचतच नाही, घसरत मागे येतो आणि दरीच्या बरोबर मध्यावर थांबतो. मग एका माणसाला तारेवरून हातांनी ओढत त्याच्यापर्यंत जावं लागतं आणि त्याला घेऊन परत यावं लागतं. त्या दुपारी वारा होता आणि मागून ढग चढत होते. अशा वेळी चौदा वर्षांची मुलगी तारेच्या मध्यावर अडकली असती तर? तिला परत पाठवणाऱ्या माणसानं हा विचार केला होता. फक्त तो तिच्याशी चार वाक्यं बोलला नाही. पोर दिवसभर वाट बघते, हार्नेस घालून उभी राहते, आणि तिला नुसतं ‘वजन कमी आहे’ एवढंच ऐकवतात. तिच्या गप्प बसण्याचं कारण मला समजतं. मी त्यांना फोनवर हेच बोललो, जरा मोठ्या आवाजात.

किल्ल्याबद्दल तुम्ही म्हणता, ‘नुसतं चालवत नेलं, यात साहस कसलं?’ दरवाजावरून परत आणलं असेल तर नाहीच. गाविलगड पूर्ण बघायला अर्धा दिवस हवा. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज फौजेनं डोंगरातून वाट काढत तोफा किल्ल्याच्या उत्तरेला ओढून आणल्या, कारण बाकीच्या बाजूंना कडे तुटलेले आहेत. १५ डिसेंबरला किल्ला पडला. त्या उत्तरेच्या तटावर उभं राहून तोफा कुठून आल्या असतील ते बघायचं, आतली तळी बघायची, रानात पडलेल्या तोफा शोधायच्या. चार गोष्टींच्या फटीत पाचवी म्हणून किल्ला घुसवला की तो वाया जातो. माझ्या यादीत तो धरणं हीसुद्धा माझीच चूक. कयाकबद्दल तुमचं बरोबर आहे, पंधरा मिनिटं म्हणजे काहीच नाही. जेवण तेवढं चांगलं होतं असं तुम्ही लिहिलंत, वाचून बरं वाटलं. तिथली भाकर आणि झुणका मलाही आठवतो. पुन्हा गेलात तर रबडी खाल्ल्याशिवाय येऊ नका. तिथल्या गवळ्यांच्या दुधाला वेगळीच चव आहे.

तुमची प्रतिक्रिया आल्यावर मी लेख बदलला. मथळ्यातलं ‘पाच’ काढलं. किल्ला वेगळ्या दिवसावर टाकला. नागपूरहून सकाळी निघून रात्री परत, हे वाक्यही काढलं. एकेरी अंतरच सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि परतवाड्यापासून वर घाट. दिवसभर दोरावर थकलेल्या माणसानं रात्री तो घाट उतरत गाडी चालवणं हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा धोका आहे. मी त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्याजागी पैसे भरण्याआधी काय विचारायचं ते लिहिलंय. त्या दिवशी एकूण किती माणसं, दोर किती? काठावर दुसरा माणूस तपासतो का? एखादी गोष्ट हवामानामुळे रद्द झाली तर किती पैसे परत? वजनाची मर्यादा किती, वरची आणि खालचीही? आणि पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी दाखवा म्हणायचं. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, त्यात ही नोंदणी आहे. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

पुन्हा जावं का, असं तुमच्या मुलीनं तुम्हाला विचारलं, हे तुमच्या शेवटच्या ओळीत आहे. चार दिवसांनी का होईना, ती बोलली. माझं म्हणणं, जा. डिसेंबर संपताना किंवा जानेवारीत, रविवार टाळून, आदल्या रात्री अमरावतीला किंवा परतवाड्याला मुक्काम करून. फक्त रॅपलिंग आणि झिपलाइन, बाकी काही नाही. झिपलाइनसाठी तिचं वजन आधी फोनवर सांगा. अजूनही कमी पडत असेल तर एका माणसासोबत जोडीनं पाठवायची सोय आहे का ते विचारा, काही ठिकाणी असते. आणि रॅपलिंगला तिचा नंबर आला की तिला स्वतःच्या हातानं बकल ओढून बघायला सांगा. पट्टा परत उलटा ओवलेला आहे ना, ते.